तांत्रिक दोष

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद शेवटी बघू, आधी भांडण. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि आमच्या शर्टांच्या कारखान्यात, कटिंगच्या खोलीत, यंत्रांच्या घरघरीत फोन ऐकूही येत नाही. म्हणून पत्रच बरं. कागद मध्येच तोंड घालत नाही.

मंगळवारी तुझ्या दवाखान्यात आले ते तू गळ घातलीस म्हणून. ‘ताई, आतड्याच्या सुजेची साठ माणसं हवीत, चौपन्नच मिळालीत, तू तर घरचीच.’ घरची म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलंस, चहासुद्धा नाही. मनगटाच्या वर पट्टा आवळून पाच मिनिटं तसाच. बोटं जांभळी पडली. दंडावर तो गार, चिकट लगदा, आणि त्यावर तुझी सोनोग्राफीची कांडी. मध्येच पोटात कळ आली तर तू दोनदा विचारलंस, ‘थांबवू का?’ मी म्हटलं, उरक बाबा एकदाचं. मग पट्टा सोडलास, पडद्याकडे बघितलंस आणि तुझा चेहरा पडला. मी विचारलं, ‘कसं आहे?’ तू म्हणालास, ‘मस्त.’

बारक्या, तुला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं. तुझं ‘मस्त’ मला कळतं. गणितात नापास झालास तेव्हाही पेपर ‘मस्त’च गेला होता. काय दिसलं ते लिही.

इकडची तऱ्हा सांगते. पोट पुन्हा बिथरलंय. दिवसाला दहा-अकरा खेपा, रक्तही पडतंय. संडास दोन मजले खाली, आणि नव्या सुपरवायझरने दाराशी वही टांगलीय, कोण किती वेळा गेलं त्याची. काल सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मास्टर, तुमचं टेबल तिकडेच का हलवत नाही?’ सगळे हसले. मी म्हटलं, ‘हलवते की. तुमची खुर्ची शेजारीच ठेवा, मोजायला सोपं पडेल.’ मग कुणी हसलं नाही. पण जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं ते कुणी बघितलं नाही, हे मात्र बरं झालं.

आणि डावी पोटरी दोन दिवस दगडासारखी झालीय. आठ तास उभं राहिल्यावर दुसरं काय होणार!

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

भांडण पोचलं. सुपरवायझरला दिलेलं उत्तर इथल्या दोघा सहकाऱ्यांना वाचून दाखवलं, दोघेही तुझ्या पक्षात आहेत.

तुला नीट सांगतो. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं. तू कोटाला लावतेस तसंच, पण एका पेशीइतकं पातळ. आणि ते नुसतं चिकटून बसत नाही, काम करतं. पट्टा सोडला की अडलेलं रक्त धावत येतं. अस्तराला ते जाणवतं आणि ते नळीला सांगतं, सैल हो. नळी रुंदावते. किती रुंदावली ते मी मोजतो. आतड्यातली सूज आतड्यापुरती राहत नाही, तिचे पदार्थ रक्तातून अंगभर फिरतात. त्याने हे अस्तर सुस्त पडतं का, एवढंच आम्ही बघतोय.

तुझा आकडा मात्र सांगता येणार नाही. नियमच आहे. साठ जणांचा मिळून अर्थ लागतो, एकट्याचा लागत नाही. आणि माझा चेहरा पडला कारण तुझ्याबरोबर मीही उपाशी होतो.

पोटरीला शेक घे, झोपताना पायाखाली उशी ठेव. कमी उभी राहा म्हटलं तर तू ऐकणार थोडीच! पोटाच्या डॉक्टरांकडे मात्र जा. रक्त पडतंय हे साधं नाही. पुढच्या महिन्याची तारीख आहे म्हणून वाट बघत बसू नकोस.

भावोजींना नमस्कार.

बारक्या


७ मार्च

बारक्या,

पडल्या पडल्या लिहितेय. अक्षर लागलं नाही तर डोळे फोडून वाच.

तू आलास, काचेपलीकडे उभा राहून रडलास, मला खायला बंदी असलेली फळं ठेवून गेलास. मी तोंड फिरवलं ते झोप आली म्हणून नव्हे. तुझे भावोजी म्हणाले, ‘अगं, तो कोपऱ्यात उभाय बिचारा.’ मी म्हटलं, उभा राहू दे. मी जन्मभर उभीच आहे.

तुला फक्त ‘गुठळी’ एवढाच शब्द कळला असेल. मी सांगते काय झालं. सत्तावीस तारखेला कापडाच्या चाळीस थरांची थप्पी टेबलावर होती, यंत्राचं गोल पातं त्यात निम्मं शिरलेलं. एकाएकी छातीत कुणी मूठ आवळावी तसं झालं. श्वास आत जाईना. यंत्र चालू आणि मी त्याच्यावर कलंडलेली. शेजारची बटणवाली धावली आणि तिने तार उपटली. माझ्या डाव्या हातात पात्यापासून वाचवणारा लोखंडी साखळीचा हातमोजा होता म्हणून बोटं राहिली. सुपरवायझर म्हणाला, ‘चक्कर आली असेल, पाणी मारा.’ बटणवालीने ते पाणी त्याच्याच अंगावर ओतलं आणि गाडी बोलावली.

पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. इथली तरुण डॉक्टरीण दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी बसली. म्हणाली, ‘आतड्याची सूज उसळलेली असते तेव्हा रक्त गोठायची भीती कितीतरी वाढते. एक पाय दुखला, सुजला की लगेच यायचं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?’

मी म्हटलं, ‘माझा भाऊ रक्तवाहिन्यांच्याच खात्यात आहे.’

ती म्हणाली, ‘मग?’

मी पिशवीतून तुझं पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी केली आणि परत दिलं. बारक्या, त्या पोरीला माझ्यासमोर तुझी लाज वाटली. मला आजवर तुझी लाज कधी वाटली नव्हती.

शेक घे! तुझं ते अस्तर मला पानभर समजावलंस, शिंप्याच्या भाषेत, मला कळावं म्हणून. आणि पायाला शेक! आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, आणि पोटातून आधीच रक्त जातंय. एकीकडे गोठू नये म्हणून झगडायचं, दुसरीकडे वाहून जाऊ नये म्हणून. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तराजू धरल्यासारखे येऊन बघतात.

आणि तो आकडा काय होता? आता नियम सांगू नकोस.

ताई


१२ मार्च

ताई,

माफी मागायला शब्द शोधत चार दिवस घालवले. सापडले नाहीत. पोटरीचं तू लिहिलंस, मी वाचलं, आणि माझ्या डोक्यात गुठळी आली नाही. का आली नाही, मला माहीत नाही. मी दिवसभर हाताच्या नळ्या बघतो. पाय माझ्या कामात येत नाहीत, म्हणून माझ्या डोक्यातही आले नाहीत. ते पाप माझं एकट्याचं. त्यात वाटेकरी नाही.

आता आकडा. धडधाकट माणसाची नळी शंभराला सहा-सात हिश्शांनी रुंदावते. तुझी जेमतेम एका हिश्शाने. साठ जणांत सर्वांत कमी. एक गोष्ट मात्र खरी आहे, पळवाट म्हणून लिहीत नाही: त्या आकड्यावरून तुझ्या पायात गुठळी होणार हे कुणालाही सांगता आलं नसतं. तो हाताच्या धमनीचा आकडा आहे. पायातली शीर वेगळी.

पण पुढचं ऐक. मी ते चित्र मोजलं त्याच दिवशी सरांना, म्हणजे हा अभ्यास चालवणाऱ्या आमच्या प्रमुखांना, दाखवलं. ते चित्राकडे न बघताच म्हणाले, ‘मापन चुकलंय. गाळून टाक.’ मी म्हटलं, ‘सर, असे आणखी आठ आहेत, सगळे ऐन दुखण्यातले.’ ते म्हणाले, ‘मग नऊ चुकली आहेत.’

सरांनी गेल्या वर्षी भरसभेत ठासून सांगितलं होतं की आतड्याचं औषध चालू असलं की अस्तराला काही होत नाही, दुखणं उसळलेलं असो वा नसो. ते नऊ जण गाळले की तेच सिद्ध होतं. धरले की होत नाही. मी नऊ कागदांवर ‘तांत्रिक दोष’ लिहिलं आणि खाली सही केली. तुझ्याही. चित्रं स्वच्छ होती, ताई.

हे कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुला सांगून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसंही वाटत नाही.

बारक्या


१६ मार्च

मोकळं वाटत नाही म्हणतोस? मग बरोबर आहे, वाटायलाच नको.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा दात-ओठ खाल्ले, तिसऱ्यांदा मोजलं. पानभर पत्रात ‘मी’ आणि ‘माझं’ किती वेळा आलंय बघ. त्या आठ जणांना एक ओळ. कोण आहेत ते? त्यांनाही पाय आहेत ना? त्यांच्या घरी कुणी भाऊ नाही, चुकीचा सल्ला द्यायलासुद्धा. सरांचं ते ‘काही होत नाही’ उद्या छापून आलं की पोटाचे डॉक्टर ते वाचणार, आणि माझ्यासारखी कुणी तक्रार घेऊन गेली की तिला सांगणार, काही होत नाही.

कारखान्यात कापडाला डाग सापडला तर तो तुकडा मी बाजूला काढते. पण त्याला चिठ्ठी टाचते: काय डाग, कुठल्या गठ्ठ्यातला, कुणी बघितला. आणि डाग नसलेल्या कापडावर डागाची चिठ्ठी टाचली तर मला त्या दिवशीच घरी पाठवतील. पाठवावंच. आणि आम्ही काय कापतो? शर्ट!

तुमच्याकडे देखरेख समिती आहे, माणसांवर प्रयोग करताना कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. मी सही केली त्या फॉर्मवर तिचा पत्ता आहे. तू जा. स्वतःच्या पायांनी, नऊ चित्रं घेऊन. मी जाऊ शकते, पण मी गेले तर तू नुसता सापडशील.

तोवर मला ताई म्हणून लिहू नकोस.


२८ मार्च

ताई म्हणत नाही. पण थोडं थांब. सर पुढच्या महिनाअखेरीस परगावी जाणार आहेत, त्यांच्या माघारी सोपं पडेल. शिवाय बायकोला सातवा महिना आहे, आत्ताच नोकरीवर गंडांतर नको. मी करणार आहे, फक्त वेळ बघून.

बारक्या


१ एप्रिल

सर माघारी असताना? म्हणजे शेपूट घालून शूरपणा करणार.

माझ्या आजारात प्रत्येकाने मला थांबायलाच सांगितलंय. तू रांगेत शेवटचा आलास. उगाच गर्दी करू नकोस.


१७ जून

ताई,

तू परवानगी दिली नाहीस, तरी लिहितोय. काम झालंय, आणि जे निघालं ते आधी तुलाच सांगायला हवं.

तुझं एक तारखेचं पत्र मिळालं त्या दुपारी सर इथेच होते. आधी त्यांच्याच खोलीत गेलो. म्हटलं, ‘मी समितीकडे चाललोय. नऊ चित्रं नेतोय. तुम्हाला माहीत असावं.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, ‘बस.’ मी बसलो नाही. ‘त्यात तुझी बहीण आहे ना? मग हा भावाचा राग आहे. याला विज्ञान म्हणत नाहीत.’

मी म्हटलं, ‘हो सर, राग आहे. पण चित्रं राग यायच्या आधीची आहेत.’

तुला वाटेल मी फुशारकी मारतोय. समितीच्या दाराशी अर्धा तास बसून होतो, मग उठून आत गेलो.

समितीने चित्रांवरची नावं काढून ती दुसऱ्या दवाखान्यातल्या दोघांकडे पाठवली. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला माहीत नाही. अडीच महिने गेले. दोघांचं मत जुळलं. नऊपैकी सात चित्रं स्वच्छ. ती पुन्हा धरली आणि निकाल फिरला: ज्यांची सूज उसळलेली होती त्यांचं अस्तर खरोखर सुस्त होतं, औषध चालू असूनही. ज्यांची सूज आटोक्यात, त्यांचं बरंच ठीक. सरांचा लेख थांबवला, त्यांना या अभ्यासातून बाजूला केलं. मी खोटं लिहून सही केली म्हणून मलाही सहा महिने यंत्रापासून दूर ठेवलंय. सध्या फाइलींच्या खोलीत आहे. ते योग्यच आहे.

उरलेली दोन चित्रं खरंच सदोष निघाली. एक एका वयस्कर शिक्षकांचं. दुसरं तुझं.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं, ताई. पट्टा सोडण्याआधी कांडी जरा सरकलीय. आधी मोजलं एका जागी, नंतर मोजलं दुसऱ्या जागी. तुझ्या पोटात कळ आली होती, तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हतो, तुझ्या तोंडाकडे बघत होतो. हात हलला ते मला कळलंही नाही. तुझं चित्र स्वच्छ आहे असं मी तुला छातीठोक लिहिलं होतं. ते चूक होतं. तुझं अस्तर कसं आहे हे मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं.

हे तुला न सांगता भागलं असतं. समिती नावं कळवत नाही. पण पुन्हा तुला ‘मस्त’ म्हणायचं नव्हतं.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

बारक्या


२४ जून

बारक्या,

तुझं पत्र वाचून मी इतक्या मोठ्याने हसले की तुझे भावोजी धावत आले. जिच्यासाठी एवढं रान उठवलंस तीच खोटी निघाली! त्या एका आकड्यावर मी तीन महिने किती राग पोसला तुला कल्पना नाही. पडल्या पडल्या छताकडे बघत मनात म्हणायची, एक हिस्सा, फक्त एक हिस्सा, आणि यांनी मला गाळलं. आता कळतं की तेवढं एक तरी सरांनी न बघता बरोबर केलं होतं. मग हसता हसता पुन्हा संतापले. न बघता केलेलं बरोबर, ते कसलं बरोबर?

आणि तो सात जणांचा राग शिल्लक आहेच. त्या शिक्षकांचंही कुणी पुन्हा मोजलं का? फाइलींच्या खोलीत बसलायस तर तेवढं शोधून काढ.

समितीची चिठ्ठी सगळ्या साठ जणांना आली, मलाही. ‘काही रुग्णांमध्ये क्वचित प्रसंगी रक्त गोठण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ ही भाषा कुणाला वाचवायला काढली रे? रुग्णाला तर नक्कीच नाही. मी लाल पेनने ते वाक्य खोडलं आणि खाली लिहून परत पाठवलं: ‘आतड्याची सूज उसळली असताना एक पाय सुजला, दुखला किंवा एकदम दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कामावर जाऊ नका.’ खाली सही केली, कटिंग मास्टर. त्यांनी फोन करून विचारलं, हे वापरू का. मी म्हटलं, विचारता काय, छापा.

अर्धा दिवस कामावर जाते. बसून कापते, उंच स्टूल मिळालंय. संडासाची वही बटणवालीने फाडली. सुपरवायझरने कुणी फाडली विचारलं तेव्हा टेबलाभोवतालच्या चौदाही जणींनी हात वर केले. मीही केला, वही फाडली त्या दिवशी मी दवाखान्यात होते तरी.

तू गेलास, सरांच्या तोंडावर सांगून गेलास, आणि जे लपवता आलं असतं ते लिहिलंस. हे मी बघितलं. पण पोटरीचा राग गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि तू वाट बघत बसू नकोस. जिना चढताना तिसऱ्या पायरीला दम लागतो. त्या पायरीवर तू मला रोज आठवतोस, आणि चांगला आठवत नाहीस.

मुलीला बघायला येईन. तिच्या पाळण्यापाशी आपण भांडणार नाही, तेवढं माझ्याकडून.

त्याआधी शुक्रवारी सकाळी दहाला माझी पोटाच्या डॉक्टरांकडे तारीख आहे. त्यांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत, अकरा आहेत. या खेपेला उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. पण मी भांडायला लागले की उत्तरं ऐकायची राहतात. म्हणून तू ये. माझ्या शेजारी बस, आणि ते जे जे सांगतील ते शब्दन् शब्द लिहून घे.

बोलायचं नाही. एक अक्षर नाही. फक्त लिहायचं.

ताई